गच्चीपर्यंतची हॉर्सपॉवर

आर्णीत आमच्या शेजारी गावंडे सर राहतात. त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं आणि मग बाहेरच्या जिन्याने गच्चीपर्यंत धावत जावं लागतं. सर खाली स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. चहा येईपर्यंत तुमची हॉर्सपॉवर हातात पडते. मी अर्धा घोडा आहे. हे माझ्या बायकोसमोर जाहीर करायची गरज नव्हती, पण विज्ञानात सरांना भीड चालत नाही.

सर शाळेतून निवृत्त झाले, पदार्थविज्ञानातून झाले नाहीत. "जोर लावला अन् वस्तू हालली, तर काम. नाही तं नुसता घाम," हे त्यांचं पालुपद. आमच्या रस्त्याचं भूमिपूजन झालं तेव्हा पुढाऱ्यांनी लांबलचक भाषण केलं, फोटोसाठी कुदळ उचलली आणि होती तिथे ठेवली. सर माझ्या कानाशी लागले. "वर नेली, खाली आनली. बेरीज शून्य." पुढारी नंतर सरांकडे चहाला आले, जिना चढले आणि पाव घोडा निघाले.

"एवढ्यावर विहिरीची मोटर चालत नाही, भाऊ," सर म्हणाले. ते भाऊ पुन्हा आले नाहीत. रस्ताही नाही.

मागच्या वर्षी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर परतलं, डावा पाय मात्र अजून ओढावा लागतो. हळूहळू जिना चढा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. काकू उंबऱ्याबाहेरही पडत नव्हत्या. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका त्यांच्याच गच्चीवर गव्हाचा चीक शिजवून कुरोड्या, म्हणजे कुरडया, घालतात, आणि कोणाचा चीक कच्चा राहिला हे काकू सांगतात. यंदा बायका वर हसत होत्या आणि काकू खाली भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मी सरांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेलो, तेव्हा सर काकूंच्या पलंगाशी उभे होते.

"चाल वर."

"मले चढाले संध्याकाळ होईन."

"होऊ दे. काम म्हंजे वजन अन् उंची. त्यात वेळ येतच नाही. धावत गेली काय, बसत बसत गेली काय, वर पोचली की काम तेवढंच."

"अन् तुमची ते पावर?"

"ते पाहुन्यायसाठी हाय."

काकूंनी हात पुढे केला.

पायरीवर बसल्या तर त्यांना उठता येत नाही. म्हणून सरांनी जिन्याच्या वळणावर आधी खुर्ची नेऊन ठेवली. एकेक पायरी करत काकू तिथवर पोचल्या, बसल्या, दमल्या, सरांना चार शब्द सुनावले आणि उठल्या. तिथून पुढे सर एका हाताने त्यांना धरून होते, दुसऱ्या हातात खुर्ची. घोड्यांचा विषय त्यांनी काढला नाही.

गच्चीवर बायका सरकून बसल्या. काकू खुर्चीत टेकल्या, एक ओली कुरोडी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "सुमन, चीक कच्चा हाय तुहा."

"मावशी, तुमच्याबिगर असाच होनार," सुमन म्हणाली.

उन्हं उतरल्यावर सर त्यांना न्यायला आले. काकूंना उभं करून ते खुर्ची उचलू लागले.

"हे राहू द्या वरच," काकू म्हणाल्या. "जिन्यासाठी उद्या दुसरी आना."