हर्षालीची क्रोएशिया फाइल

हर्षाली देवरेचं म्हणणं साधं होतं. जी मुलगी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत अख्ख्या नाशिकमधून पहिली येते, तिला स्वतःच्या वडिलांकडून युरोपचा होकार काढता येत नसेल, तर बक्षिसाची ती ढाल परत केलेली बरी.

म्हणून तिने सात मुद्द्यांचं भाषण पाठ केलं. त्यात प्रवासाने येणारी प्रगल्भता होती, दहावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत मेंदूला मिळणारी विश्रांती होती आणि सातव्या मुद्द्याला डोळ्यांत पाणी आणायचं होतं. रविवारी सकाळी पप्पा पोहे खायला बसले. आत आई मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होती. हर्षाली समोर उभी राहिली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "पप्पा, क्रोएशियाला जायचंय."

"काय?" मिक्सर घरघरत होता.

"क्रोएशियाला! जायचंय!"

पप्पांचा चमचा हवेतच थांबला. चेहरा असा उजळला, की हर्षालीला क्षणभर वाटलं आपल्या मागे कोणीतरी पाहुणे येऊन उभे आहेत.

"खरंच? तुझ्या डोक्यात आलं हे?"

"माझ्याच."

"सरिता!" पप्पांनी आत हाक मारून आईला ओरडून काहीतरी सांगितलं. मिक्सर थांबला. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "जाऊ दे की मग. तेवढाच मोबाईल तरी सुटेल हातातून."

"किती दिवस लागतात गं?" पप्पांनी विचारलं.

"दहा. नीट प्लॅन केलं तर सगळं बसतं. खालून सुरू करायचं आणि कडेकडेनं वर जायचं."

"बरोबर आहे," पप्पा जाणकारासारखे म्हणाले, "ते कडेकडेनंच जायचं असतं. चल, ठरलं."

झालं! एकही मुद्दा मांडावा लागला नाही. हर्षालीला आनंद झाला हे खरं, पण जरा अपमानही वाटला. सातव्या मुद्द्याची तिने आरशासमोर किती तयारी केली होती.

त्याच दुपारी तिने निळी फाइल आणली आणि दिवाळीच्या सुट्टीचे दहा दिवस त्यात बसवले. डुब्रोव्हनिकला समुद्राला खेटून उभी असलेली तटबंदी. स्प्लिटला एका रोमन सम्राटाचा राजवाडा, ज्यात लोक अजून राहतात आणि खिडकीत कपडे वाळत घालतात. प्लिटविसेला एकातून दुसऱ्यात सांडणारी तळी. पाग नावाचं एक बेटही यादीत आलं होतं. तिथल्या बायका सुईने फार नाजूक जाळी विणतात म्हणे. ती ओळ हर्षालीने लाल पेनाने खोडली आणि शेजारी लिहिलं, 'हे बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे मोहिनी आत्या आहे.'

मोहिनी आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, सटाण्याची. तिच्या घरात उघडी वस्तू म्हणून सापडायची नाही. फ्रिजच्या मुठीला झबलं, रिमोटला झबलं, टीव्हीवर जाळी, त्या जाळीवर आणखी एक छोटी जाळी. मागच्या वर्षी तिने गॅसच्या सिलिंडरलाही फ्रॉक घातला होता. डिलिव्हरीवाल्याने तो काढला नाही, तसाच उचलून नेला.

सोमवारी शाळेत हर्षालीने बातमी राखीला सांगितली. राखीला सांगणं म्हणजे नववी 'ब'च्या फळ्यावर लिहिणं. शिवाय राखी गेल्या वर्षी थायलंडला जाऊन आली होती आणि तिथून आणलेलं हत्तीचं मॅग्नेट तिने कंपासपेटीला चिकटवलं होतं. वर्षभर ती पेटी मुद्दाम हर्षालीच्या बाजूला ठेवायची.

"पप्पा हो म्हणाले?" राखीने डोळे बारीक केले.

"एका वाक्यात."

"मग मला मॅग्नेट आण."

"दोन आणते. तुझ्या हत्तीला सोबत."

हे वर्गात सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे आता क्रोएशियाला न जाणं शक्यच नव्हतं.

मंगळवारी पासपोर्टची तयारी. मधल्या सुट्टीत ती ऑफिसात गेली आणि सुवर्णा मॅडमकडे बोनाफाईड मागितलं.

"कशासाठी हवंय?"

"मॅडम, क्रोएशियाला जायचंय."

"त्याला पण बोनाफाईड लागतं आता?"

"आता सगळ्यालाच लागतं मॅडम."

मॅडमनी चष्मा वर करून तिच्याकडे मायेने पाहिलं. "तुझ्या वयाच्या मुलीला हे सुचावं म्हणजे कमाल आहे. नाहीतर आमची मुलगी, ज्ञानेश्वरी." मॅडमनी दाखला लिहिला, शिक्का मारला. घंटा झाली होती, हर्षालीने तो न वाचताच फाइलमध्ये घातला.

बुधवारी पप्पा ओझरहून कारखान्याच्या बसने आले ते बूट काढता काढताच म्हणाले, "ताईला फोन केला होता. तुझं ऐकून इतकी खूश झाली. ती शनिवारी येतेय."

"आत्या पण?"

"मग? ती असल्याशिवाय तुला जमणार आहे का?"

हर्षालीचं डोकंच फिरलं. जिला सप्तशृंगीच्या घाटात तीन लिंबं लागतात, ती आत्या आपल्याला युरोप दाखवणार? नकाशा कोणी पाठ केला? तळ्यांची नावं कोणी पाठ केली? पण वक्तृत्वाच्या सरांनी शिकवलं होतं, की जिंकत असताना वाद घालू नये. तिने राग गिळला, फाइलमध्ये तीन तिकिटांची चार केली आणि आत्याला फोन लावला.

आत्या आनंदात असली की थेट अहिराणीत शिरायची. "हर्षा! तुना पप्पानी सांगं माले. सुया मी लई येसू, दोरा तठेच लेऊत."

प्रवासात शिवणाचं सामान कशाला, हे हर्षालीला कळेना. "आत्या, विमानात सुया चालत नाहीत."

"इमानमा कसाले? मी येष्टीमा येसू."

बरोबर होतं. नाशिकपर्यंत एसटीच. "आणि आत्या, आधार कार्ड आणा. दोन फोटो पण."

पलीकडे आत्याने सुस्कारा सोडला. "आता याले बी आधार?"

शनिवारी आत्या आली. सोबत एक कापडी पिशवी, एक डबा आणि खरोखरच आधार कार्ड. चहा झाला. हर्षालीने सगळ्यांना सोफ्यावर बसवलं, मोबाईल टीव्हीला जोडला आणि गळा साफ केला. पडद्यावर निळाशार समुद्र पसरला. वर मोठ्या अक्षरांत, 'आपले दहा दिवस'.

"हे डुब्रोव्हनिक," तिने सुरुवात केली. "ही तटबंदी. आपण पहाटे इथून चालायला सुरुवात करणार."

पप्पा कौतुकाने बघत होते. तटबंदी झाली, राजवाडा झाला, तळी झाली. मग त्यांनी हळूच विचारलं, "छान आहे गं. पण क्रोशा कधी सुरू होणार?"

"काय कधी?"

"क्रोशा. विणायचं. ताई केव्हाची सुई घेऊन बसलीय."

हर्षालीने वळून पाहिलं. आत्याच्या हातात टोकाला आकडा असलेली सुई होती, मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा होता.

"पप्पा," हर्षाली सावकाश म्हणाली, "मी क्रोएशियाला जायचंय म्हणाले होते. क्रो-ए-शि-या. देश आहे तो."

"देश?" पप्पांनी पडद्याकडे नव्याने पाहिलं. "म्हणजे हे सगळं तिकडचं आहे? मला वाटलं डिझाईन दाखवतेय."

"समुद्राचं डिझाईन?"

"रुमालाच्या कडेला लाटा काढतात की," आई म्हणाली.

"तुम्ही म्हणालात ना पप्पा, कडेकडेनं जायचं असतं!"

"क्रोशात तसंच जातात."

हर्षालीने फाइलमधून बोनाफाईड ओढून काढलं, निदान शाळेने तरी नीट ऐकलं असेल म्हणून. त्यावर सुवाच्य अक्षरांत होतं, 'सदर विद्यार्थिनीस क्रोशा वर्गाकरिता हा दाखला देण्यात येत आहे.' खाली गोल शिक्का.

मग मात्र तिने सातही मुद्दे मांडले. एका दमात, चढत्या आवाजात. या घरात मुलीने एखादा देश मागितला तर तो ऐकूसुद्धा येत नाही, दोरा मागितला असं ऐकू येतं, हा आठवा मुद्दा तिला आयत्या वेळी सुचला आणि तोच सगळ्यात चांगला जमला. सातव्याला डोळ्यांत पाणी आणायचं होतं, ते न आणताच आलं.

पप्पांना वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "बाळा, वीस वर्षं मी विमानाच्या कारखान्यात आहे. विमानाला हात लावतो, बसून कुठं गेलोय का? ते होणार नाही आपल्याच्यानं."

राखीची कंपासपेटी हर्षालीच्या डोळ्यांसमोर नाचू लागली. आत्याने निळी फाइल मांडीवर घेऊन उगाच चाळायला सुरुवात केली आणि एका पानावर तिचं बोट थांबलं.

"हाई का बरं खोडं? आणि माझं नाव कशाला लिहिलंय?"

हर्षालीने नाक ओढत सांगितलं. पाग बेट. तिथल्या बायका. सुईची जाळी. फोटो मागितला म्हणून मोबाईलवर शोधून दिला. आत्याने चष्मा लावला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. सगळ्या देवरे खानदानात आत्याच्या तोंडून दुसऱ्या बाईच्या कामाबद्दल चांगला शब्द कोणी ऐकला नव्हता.

"टाका बारीक शे," ती शेवटी म्हणाली. मग मोबाईल खाली ठेवून पप्पांकडे वळली, "धन्या, मला हे बघायचंय."

"बघू, ताई."

"बघू नाही."

"हो, ताई," पप्पा म्हणाले.

हर्षाली बघतच राहिली. तिचे आठ मुद्दे, तीन मिनिटं, हातवाऱ्यांसकट. आत्याची दोन वाक्यं! वक्तृत्वाच्या परीक्षकांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं. पण भांडण परवडणारं नव्हतं. "कधी जायचं आत्या? दिवाळीत?"

आत्याने तिच्या हातात सुई दिली आणि दोऱ्याचं टोक तिच्या बोटाला गुंडाळलं. "आधी तू एक टेबलक्लॉथ पुरा कर. त्या बायांसमोर माझी भाची रिकाम्या हाताने उभी राहायची नाही. झाला की निघालोच."

सोमवारी राखीने विचारलं, "काय गं, तिकिटं काढली?"

"सगळं ठरलंय," हर्षाली म्हणाली, "थोडंसं विणायचं राहिलंय."

टेबलक्लॉथ सध्या चहाच्या बशीएवढा आहे. मागच्या रविवारी तो जेवणाच्या ताटाएवढा झाला होता, पण आत्या आली आणि तिने तो उसवला.