बहात्तर किलोंचे साहेब

पुढचं डावं

"साहेब, वजन सांगा!" फोनवरून गॅरेजवाल्या उस्तादचा आवाज आला आणि वजनमाप खात्याच्या कचेरीत चहा पिणारी सगळी मंडळी कप ओठांशी धरून थांबली. फोन स्पीकरवर होता.

"कशाचं?" निरीक्षकसाहेबांनी विचारलं.

"तुमचं, दुसऱ्या कशाचं? चारी चाकांखाली काटे मांडलेत. तुमच्या सीटवर तुमच्या वजनाची वाळूची पोती ठेवतो, आणि मग कॉइलओव्हर वरखाली करून गाडीचा तोल साधतो. तुम्ही बसलात की गाडी अशी सरळ उभी राहील, की बघत राहाल."

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअब्सॉर्बरवरच चढवलेली स्प्रिंग. तिच्या बुडाशी एक रिंग असते; ती फिरवली की गाडीचा तेवढा कोपरा वर नाहीतर खाली. साहेबांनी हा सेट निवडायला सहा महिने घातले होते. रोज कचेरीला नेणारी आणि एखाद्या रविवारी ट्रॅकवर पळणारी गाडी एकच. कडक घ्यावं तर बायकोची पाठ, मऊ घ्यावं तर वळणावर जीव मुठीत. शेवटी नॉब फिरवून मऊही होणारा आणि कडकही होणारा सेट सापडला, तेव्हा ते जेवताना स्वतःशीच हसले होते.

खरं वजन होतं चौऱ्याण्णव. पण समोर अख्खी कचेरी कान टवकारून बसलेली, आणि कालच साहेबांनी जाडगेल्या कारकुनाला लिफ्ट सोडून जिना चढायचा उपदेश केलेला.

"बहात्तर," साहेब म्हणाले.

लग्नाच्या वेळी ते बहात्तरच होते. म्हणजे आकडा खोटा नव्हता, जुना होता. जुन्या शिक्क्याचा काटा सापडला तर साहेब दुकानदाराला सोडत नसत, हा भाग वेगळा. नोकरीत त्यांनी ग्रॅमचीही चूक कधी पोटात घातली नव्हती. उस्तादचे ते चार काटेसुद्धा त्यांनी स्वतः तपासून, स्वतःच्या हाताने शिक्का मारून दिलेले होते.

पुढचं डावं

घर्र.

डाव्या वळणावर, साहेबांच्या पायापाशी, टायर मडगार्डला घासत होतं. उजवीकडे वळा, गाडी गप्प. डावीकडे वळा, घर्र.

उस्तादने चाक खोललं, सगळं पाहिलं, पुन्हा बसवलं. "तुम्ही इथे फुटपाथवर थांबा," असं म्हणून स्वतः एक चक्कर मारून आला. उस्ताद काडीसारखा माणूस. गाडीतून चकार शब्द नाही. मग साहेबांच्या बायकोला चालवायला दिली. तरी नाही. साहेब बसले. घर्र.

"साहेब, रागावू नका हं," उस्ताद डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही स्टिअरिंग ओढता का?"

"मी? मी वीस वर्षं गाडी चालवतोय!"

"ओढतात," बायको म्हणाली. "पांघरूणही ओढतात."

आता आली का पंचाईत? एकतर साहेबांना गाडी चालवता येत नव्हती, नाहीतर साहेब जाड होते. तिसरा पर्याय शोधण्यासाठी त्यांनी रात्रभर छताकडे पाहिलं आणि सकाळी शोधून काढला. "स्प्रिंग मऊ पडतेय. नॉब पार कडक कर."

केला. आवाज थोडा कमी झाला. पण आता रस्त्यावर पडलेली काडीसुद्धा गाडीतल्या माणसांना कळू लागली. गतिरोधकावर बायकोचा चष्मा नाकावरून निघाला तो थेट मांडीत.

"अहो, ही गाडी आहे की पाटा-वरवंटा?"

"सपोर्ट चांगला मिळतो," साहेब म्हणाले. त्यांचेही दात वाजत होते.

उस्तादने ते चाक दुसऱ्यांदा खोललं. मग तिसऱ्यांदा. आयुष्यात त्याच्या हातून वाकडी गाडी बाहेर पडली नव्हती, आणि आता पडली ती वजनमापवाल्या साहेबांची.

मागचं डावं

या चाकाची काही तक्रार नव्हती. पुढे चला.

मागचं उजवं

रविवारी ट्रॅकवर क्लबचे सगळे जमले. हलक्या गाड्या एका गटात, जड गाड्या दुसऱ्या. म्हणून प्रत्येक गाडी चालकासकट काट्यावर चढवायची. काटे अर्थातच उस्तादचे, कारण तिथल्या निम्म्या गाड्या त्यानेच तोल साधून लावलेल्या.

साहेब हेल्मेट घालून, पट्टे आवळून आत बसले. उस्तादचा उतरलेला चेहरा जरा खुलला. "काटा बघू नका, गाडी अधिक बहात्तर, आकडा मी आधीच सांगतो," असं म्हणून त्याने सांगितलाही. मग पडद्यावर आकडा उमटला. बावीस किलो जास्त.

"काटा चुकतोय," कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे माझीही गाडी याच काट्यावर लागली?"

"तरीच माझी डावीकडे ओढते! मला वाटायचंच!"

"तुझी ओढत नव्हती रे कालपर्यंत."

"आता ओढते!"

क्लबचे अध्यक्ष वाकून काट्याकडे पाहू लागले. "शिक्का कोणाचा आहे यावर?"

"साहेबांचा," उस्ताद म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. खिडकीपाशी येऊन तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा. काटा खोटा असेल तर जप्त करा. या सगळ्यांच्या गाड्या मी पुन्हा फुकट लावून देईन, आणि मग शटर ओढेन. खोट्या काट्यावर धंदा नाही करायचा मला."

सगळे साहेबांकडे बघू लागले. बायको कुंपणापाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो."

"डिकीत हत्यारं..." साहेबांनी सुरुवात केली.

डिकी रिकामी होती. उस्तादनेच सकाळी रिकामी केली होती.

काटा खोटा म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग त्यावरचा शिक्काही खोटा, आणि शिक्का खोटा तर आजवर ज्यांना ज्यांना दंड केला, ते सगळे दुकानदार... साहेबांनी हेल्मेट काढलं.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तपासलाय, शिक्का माझा आहे. हे बावीस किलो माझे आहेत."

"काय?"

"माझे! चौऱ्याण्णव आहे मी! लिहून घ्या!" ते इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या गाडीतल्या माणसाने इंजिन बंद केलं.

उस्तादची छाती फुगली. "म्हणजे माझं काम बरोबर होतं!" तो सगळ्यांकडे फिरून म्हणाला. "ऐकलंत? बरोबर होतं!" आणि मग आठवण येऊन परत खिडकीत वाकला. "तीन वेळा खोललं ना मी ते चाक, साहेब! तीन वेळा! एकदा बनियनवर काट्यावर उभे राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्याने तिथेच चारी रिंगा फिरवून गाडी चौऱ्याण्णवला लावली, नॉब मऊ केले. साहेब ट्रॅकवर गेले. डावं वळण आलं, गेलं. गाडी मांजरासारखी गुपचूप. शर्यतीत ते शेवटून दुसरे आले, पण गाडीतून उतरताना छाती अशी पुढे होती की पोट प्रथमच मागे पडलं.

स्टेपनी

सोमवारी कचेरीत त्यांनी आपणहून चौऱ्याण्णव जाहीर केलं. घरी मात्र ते दुसऱ्यांदा पाव-लोणी मागू लागले.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" बायकोने विचारलं.

"गाडी चौऱ्याण्णवला लागलीय. मी कमी झालो तर तोल बिघडेल. उस्तादच्या कामाचा अपमान होईल तो."

"नट घट्ट करून आणते," बायको म्हणाली आणि गाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. पहिल्याच डाव्या वळणावर, घर्र. साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि उस्तादला फोन लावला.

"आवाज येणारच, साहेब," उस्ताद शांतपणे म्हणाला. "गाडी ब्याऐंशीला लावलीय."

"कोणी सांगितलं तुला?"

"मी," बायको शेजारून म्हणाली. "गाडी पुढे जाऊन डॉक्टरांच्या आकड्यावर बसलीय. तुम्ही या सावकाश."

साहेब फोनमध्ये म्हणाले, "काटे कुठले वापरलेस?"

"तुमच्या शिक्क्याचे."

साहेब उतरले, बॅग खांद्याला लावली आणि पायी निघाले. बायको सरकून स्टिअरिंगवर बसली आणि त्यांना ओलांडून गेली. पुढच्या डाव्या वळणावर गाडी अशी वळली, जरा न झुकता, जरा न कुरकुरता, की साहेब भर रस्त्यात थांबले. शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा दंड धरून त्यांनी त्याला तिकडे वळवलं.

"बघितलीत?" ते म्हणाले. "माझी आहे."