भिजत घातलेली पदवी

आमच्या नायगावच्या इमारतीत सगळ्यांच्या मिक्सरमधून चटणीचा वास येतो. शेजारच्या इनास सरांच्या मिक्सरमधून ओल्या वह्यांचा. निवृत्त झालेले हे गणिताचे शिक्षक मजल्यावरची रद्दी गोळा करतात, भिजवतात, वाटतात, मच्छरदाणी ठोकलेल्या चौकटीवर गाळतात आणि तयार कागद खिडकीच्या ग्रिलला चिमटे लावून वाळवतात. ‘ग्रिलवर कागद वाळवण्यास सक्त मनाई’ अशी सोसायटीची नोटीस आली. आठवड्यात तिचाही कागद झाला. लगद्यातून ‘सक्त’ तेवढं शाबूत राहिलं होतं. सरांनी त्याच कागदावर दिलगिरी लिहून दिली.

कुणी कशाची घाई केली की सर म्हणतात, “भिजू दे रे, भिजू दे!”

एका शनिवारी मात्र हे बोलणं माझ्या जिवावर बेतलं. सोमवारी नव्या नोकरीत पदवीचं मूळ प्रमाणपत्र दाखवायचं होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. आणि कपाट आवरताना आईनं ती ठेवलेली पिशवीच रद्दी समजून सरांना देऊन टाकली होती.

“मला काय ठाऊक? तुझे समदे कागद सारखेच दिसतात,” ती रडवेली होऊन म्हणाली. तिला वाचता येत नाही, हे माहीत असून मी ओरडलो. त्याची अजून लाज वाटते.

धावत शेजारी गेलो. मागोमाग आई.

“सर, कालची पिशवी?”

“भिजत घातलीय.”

मी कोपरापर्यंत हात बादलीत घातले. विजेचं बिल निघालं, लग्नपत्रिकेतला अर्धा गणपती निघाला.

“अरे, शोधतोस काय?”

“पदवी!”

“ती होय? त्या पाटाखाली आहे. चुरगळली होती, म्हणून दाबून ठेवली.”

“मग आधी नाही सांगायचं?”

“तू पिशवी विचारलीस. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय मी चिटोरंही पाण्यात टाकत नाही.”

“एवढं कशाला वाचता, सर?”

सरांनी बिस्किटांचा डबा उघडला. आत चारच चिठ्ठ्या. नारळाच्या केकचं प्रमाण, मुलाच्या खोकल्याचा काढा... सगळं एकाच तिरक्या अक्षरात. त्यांच्या पत्नीच्या, मार्थाबाईंच्या.

“ती गेली तेव्हा तिच्या वह्या बघवेनात. सगळ्या देऊन टाकल्या मी. मग एके दिवशी तिचं अक्षर बघावंसं वाटलं, तर घरात एक ओळ नाही. ती सगळ्यांना चिठ्ठ्या लिहून द्यायची ना! म्हटलं, कुणाच्या तरी रद्दीत येईल.”

आई घरी गेली आणि गोळ्यांच्या डब्यातली चिठ्ठी घेऊन आली. एक सूर्य, एक चंद्र, प्रत्येकापुढे एकेक गोळी. बाईंनी खास तिच्यासाठी काढलेली. खाली बारीक अक्षरात, ‘विसरू नका’.

सरांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. पुन्हा पाहिली.

“तुमच्याकडं ठेवा,” आई म्हणाली. “पण मला दुसरी काढून द्या. न्हाईतर गोळ्या चुकतील.”

सरांनी आपला सर्वांत चांगला कागद घेतला. सूर्य जमला. चंद्र काही केल्या जमेना. चार कागद वाया गेले. आई समोर बसून राहिली, आणि मीही, पदवी मांडीवर धरून.