नमुन्याचं पत्र

"माझ्या हातून मुदत चुकणार? अहो, मी झोपेतसुद्धा तारखा पुटपुटतो! विचारा आमच्या हिला!"

आठवणराव हे दिवसातून तीनदा तरी ऐकवत. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकालाच ठाऊक होतं. विम्याची दलाली करणारी चार मजली कंपनी, हजारो ग्राहक. कुणाची गोदामं, कुणाची जहाजं, कुणाचे दवाखाने. त्या सगळ्यांना 'आपल्या विम्याची मुदत संपत आली आहे' असं वेळेवर कळवणारं खातं आठवणरावांचं. अठरा वर्षांत एकही मुदत चुकली नव्हती, आणि त्याबद्दल आज दुपारी चार वाजता त्यांचा सत्कार होता. तसं कोरलेली ढालसुद्धा तयार होती!

सकाळी रिसेप्शनवरच्या बाई सत्कारात सांगण्यासाठी चार गोष्टी टिपून घ्यायला आल्या. आठवणरावांनी त्यांना थेट भिंतीवरच्या फळ्यापाशी नेलं. तिथे महिनाभर एक पत्र टाचलेलं होतं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'नमुना'.

"हे एका विमा कंपनीचं पत्र. माझ्या टपालात आलं आणि मी खूशच झालो! काय ती नम्रता, काय तो हळूच दिलेला धाक! सगळ्या खात्याला सांगितलं, पत्र लिहावं तर असं!"

बाईंनी चष्मा लावला. "छानच आहे हो. पण हे आपल्यालाच आलंय ना? वर आपल्या ऑफिसचं नाव आहे. आपल्याच इमारतीचा विमा! मुदत काल रात्री संपली की!"

आठवणरावांच्या पायाखालची जमीन सरकली. हजारो ग्राहकांच्या यादीत आपलं ऑफिस नव्हतं, कारण आपण कुठे आपले ग्राहक!

"बाई, हात जोडतो, कुठे बोलू नका!"

त्यांनी विमा कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मुदत संपली ना? मग आता आधी तपासणी. आमचे तपासनीस चार वाजता येतील."

म्हणजे चारपर्यंत चारही मजले विम्याविना उघड्यावर! एक ठिणगी पडली, एक नळ फुटला, की अठरा वर्षांची अब्रू धुळीला. आठवणराव सुटलेच. त्यांनी चहाच्या किटलीची वायर उपटली. केकवरच्या अठरा मेणबत्त्या खिशात घातल्या. हिशेबनीस जिना उतरत होते, त्यांचा दंड धरून त्यांना खालपर्यंत पोचवलं.

"आठवणराव, मी रोज उतरतो हो!"

"आज नका उतरू एकटे!"

मोठे साहेब काचेतून हे सगळं बघत होते. त्यांना भरून आलं. "बघा, याला म्हणतात दक्षता! सत्काराच्या दिवशीसुद्धा माणूस स्वस्थ बसत नाही!"

चारला पाच कमी असताना दारात फाइल घेतलेले एक गंभीर गृहस्थ उभे राहिले. प्रमुख पाहुणे म्हणून व्यापारी संघाचे अध्यक्ष यायचे होते आणि त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी धावत जाऊन गृहस्थांच्या हातात पुष्पगुच्छ कोंबला आणि त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवलं. गृहस्थ मनात म्हणाले, एवढं स्वागत? नक्की काहीतरी लपवताहेत! त्यांनी खुर्चीतून वाकून माइकची वायर तपासली.

"पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत!"

"तपासणीआधी मी बोलत नसतो," गृहस्थ माइकवर म्हणाले. सभागृहाला वाटलं, काय हा विनय! टाळ्यांचा कडकडाट झाला. "आणि ते मुदत चुकवणारे गृहस्थ कोण?"

"चुकवणारे नाही हो, न चुकवणारे!" मोठे साहेब खो खो हसले आणि त्यांनी आठवणरावांना पुढे ढकललं.

समोर अख्खं ऑफिस होतं. साहेबांच्या हातात ढाल चकाकत होती. नुसता हात पुढे केला असता तर मिळून गेली असती! आठवणरावांनी माइक धरला आणि पत्राची सगळी कहाणी सांगून टाकली. मोठ्या साहेबांनी ढाल हळूच खुर्चीखाली सरकवली.

तपासनीसांनी पत्र मागवलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"हा मसुदा माझा आहे! बारा वर्षं जातोय, आजवर कुणी नीट वाचला नव्हता. तुम्ही पूर्ण वाचलात?"

"दोनदा. वरचं नाव तेवढं सोडून."

त्यांनी चारही मजले तपासले, तीन दिवसांचा तात्पुरता विमा दिला आणि बजावलं, "तीन दिवसांत अर्जावर तुमच्या साहेबांची सही हवी. नाहीतर पुन्हा उघड्यावर!"

ढाल गेली ती गेलीच. पण आता चूक नको म्हणून आठवणरावांनी दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर जीव ओतून मोठ्या साहेबांना आठवणीचं पत्र लिहिलं. साहेबांचं नाव ठळक, त्याखाली दोन लाल रेघा, सोबत अर्ज. स्वतः नेऊन हातात दिलं आणि समोर उभे राहिले.

साहेबांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा हळूहळू खुलत गेला.

"वा, आठवणराव! काय मसुदा आहे! आत्ताच्या आत्ता फळ्यावर लावा!"