योगिनीने फाडलेली साडी

योगिनीने चार महिने खपून एक साडी फाडली होती. हसू नका, नाशिकच्या फॅशन कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलीच कामं असतात. धागे कुठे उसवायचे, उदबत्तीने भोकं कुठे पाडायची, सगळं वहीत आखलेलं होतं. शुक्रवारी मुंबईची एक बडी डिझायनर येऊन सगळ्यांच्या साड्या बघणार होती आणि वर्गातल्या एकीलाच नोकरी देणार होती. ती एक आपणच, हे योगिनीने मनाशी पक्कं धरलं होतं. रविवारी ती साडी घेऊन निफाडला घरी आली, शेवटचा हात फिरवला, आणि सोमवारी ओसरीवर पिशवी विसरून कॉलेजला परतली.

ओसरीवर आणखी एक गठ्ठा होता. उन्हाने द्राक्षांचे घड करपू नयेत म्हणून बागेवर जुन्या साड्या बांधतात, त्यांचा. तिचे वडील गोरक्षअण्णा त्या बांधायला निघाले आणि त्यांनी पिशवीतही डोकावून पाहिलं.

"आरारा, हिची तर पार चाळण झालीय!" म्हणाले, आणि तीही नेऊन बांधली.

तिच्या धाकट्या भावाने, हर्षलने बागेचा फोटो काढून नेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पोरी नटून तयार. बघायला कधी येताय?' झालं! दोन दिवसांत अख्ख्या महाराष्ट्राने तो एकमेकांना पाठवला. कुणी घडांना गॉगल लावले, कुणी त्यांना परदेशातल्या रॅम्पवर चालवलं, कुणी लिहिलं, 'स्थळ निर्यातीचंच हवं.'

योगिनीला मैत्रिणीचा, निकिताचा फोन आला. "योगे, तुझा प्रोजेक्ट द्राक्षांवर काय करतोय गं?"

योगिनीने फोटो पाहिला आणि घरी फोन लावला. "अण्णा, ती साडी फाटलेली नव्हती! मी फाडली होती!"

"चांगली साडी फाडली?" अण्णा घाबरले. "का गं बाई, कुणी काय बोललं का तुला?"

मागून आई, कुसाबाई, ओरडली, "तरी मी म्हणत व्हते, पोरीला शिवणाचा क्लास लावा!"

योगिनी ढसाढसा रडली. तेवढ्यात कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. "अगं, मुंबईच्या बाईंनी तुमच्या बागेचं मीम पाहिलंय. त्यातल्या साडीवर फिदा आहेत त्या! घेऊनच ये." रडू जागच्या जागी आटलं.

शुक्रवारी अण्णा स्वतः साडी सोडवून कॉलेजात हजर झाले आणि दाराशी उभे राहिले. डिझायनरबाईंनी साडी उलटसुलट पाहिली.

"ही नाही. फोटोत हिच्या शेजारची होती ना, निळ्या डागांची? काय तो उतरलेला रंग! ही जरा ओढूनताणून केल्यासारखी वाटते."

शेजारची साडी तीन वर्षं बागेवर होती. ऊन खाऊन विटलेली, औषधाच्या फवाऱ्यांनी डागाळलेली. तीही माझीच, एवढं म्हटलं असतं तरी नोकरी पदरात पडली असती. खरं बोलणं योगिनीच्या फार जिवावर आलं.

"मॅडम, ती माझी नाही. आमच्या अण्णांची आहे," ती म्हणाली आणि दाराकडे बोट दाखवलं.

बाई धावतच अण्णांकडे गेल्या. "सर, सोमवारपासून मुंबईला आमच्या स्टुडिओत याल?"

अण्णांनी टोपी सारखी केली आणि खरोखर विचार केला.

"सोमवारी नाय जमायचं, बाई. व्यापाऱ्याची गाडी येणार हाय, माल खुडायचाय. तवर आमच्या पोरीला न्या. लय नाय, पण तिलाबी थोडंफार येतं."