सात नंबरची खाट

वॉर्डच्या दारावरच्या शिपायानं मान वर न करता “सात नंबर” सांगितलं आणि बसड्रायव्हरची बायको तडक जाऊन रंगाऱ्याच्या उशाशी बसली.

चूक तिची नव्हती. पंख्याखाली झोप येत नाही म्हणून सकाळी ड्रायव्हरनं हट्ट धरला, तेव्हा नर्सबाईंनी शेजारशेजारच्या दोघांची अदलाबदल केली. दारावर कळवायला मात्र सगळ्यांच्या जिभा झडल्या होत्या. दोघांच्याही जबड्याला मार, दोघांचीही डोकी एकाच हातानं पट्ट्यांत गुंडाळलेली. कोबीचे दोन गड्डेच. त्यात बाई घाईत चष्मा घरी विसरलेली.

“हजारदा सांगितलं, हळू चालवा! पण नाही. यांना विमान उडवायचं असतं!”

शिडीवरून पडलेला रंगारी ‘मी नव्हे’ म्हणणार होता. तेवढा जबडा हलत होता. पण तिनं त्याची चादर नीट केली.

“पाय झाका. सर्दी झाली की माझ्याच डोक्याला ताप.”

स्वतःची बायको वारल्यापासून त्याच्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. मुलगा फोनवर ‘काळजी घ्या’ म्हणायचा. म्हणजे तुमची तुम्ही घ्या, आमच्या गळ्यात घालू नका! रंगाऱ्यानं तोंड मिटलं. भेटीची वेळ संपेपर्यंत ही चूक कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

शेजारून ड्रायव्हर सगळं बघत होता. त्यानं रंगाऱ्याला हात जोडून ‘चालू द्या’ अशी खूण केली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

बाईनं दूध पाजलं, सांडलं म्हणून झापलं, पुसलं, परत झापलं. रंगारी तृप्त होऊन हं हं करत होता. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

“कुलूप लावलंस का, म्हणून कुणी विचारत नाही हो. घर खायला उठतं. लवकर या.”

रंगाऱ्याचे डोळे भरले. शेजारची चादर उडाली.

“ए! मी इकडे आहे!” ड्रायव्हर दुखऱ्या जबड्यानं ओरडला. “ते माझं आहे! इकडे येऊन बोल!”

बाईनं आधी नवऱ्याला धारेवर धरलं. “इतका वेळ मजा बघत होतात?” मग गर्रकन वळली. “आणि तुम्ही हो? तोंडात मिठाची गुळणी धरली होती? दूध प्यायलात ते? या वयात लाज नाही वाटत?”

रंगाऱ्याला माफी मागायची होती.

“अजून बोला, वहिनी,” तो म्हणाला.

बाई नवऱ्याकडे वळली.

“बोल गं,” ड्रायव्हर कण्हत म्हणाला. “झापायचं ते त्यांना झाप. मघाचं तेवढं मला परत सांग.”