उंबरखर्डे येथील श्रवण समाधानकारक

तापीकाठच्या उंबरखर्डे गावाला रेडिओ ऐकू येतो, असे सरकारचे मत होते. गावाचे मत वेगळे होते, पण ते कोणाच्या कानावर गेले नव्हते.

मत मागवायची पद्धतही ठरलेली होती. केंद्रावरून दर रविवारी निवेदन होई : ज्या श्रोत्यांना आमचे कार्यक्रम ऐकू येत नसतील त्यांनी एका पोस्टकार्डाने तसे कळवावे. उंबरखर्ड्याहून आजवर एकही कार्ड आले नव्हते. सबब कार्यालयाच्या नकाशात गाव हिरव्या रंगाने रंगवलेले होते. हिरवा म्हणजे तृप्त.

अभिमनचा नकाशाशी संबंध नव्हता. त्याची डांगरवाडी होती, म्हणजे नदीच्या पात्रातला टरबुजांचा मळा. हिवाळ्यात पाणी ओसरले की वाळूत चर खणायचे, खत भरायचे, बी टोचायचे आणि उन्हाळाभर टरबुजांवर जीव टांगून बसायचे. मधेच वरच्या धरणातून पाणी सुटले की संपले. पूर्वी आदल्या दिवशी कोतवाल दवंडी पिटायचा. अठ्ठ्याऐंशी साली ती बंद झाली, कारण खाते आधुनिक झाले. पाण्याची सूचना आता रेडिओवरून मिळणार होती.

अभिमनच्या रेडिओवर सिलोनची गाणी लागत, गुजरातचे बाजारभाव लागत. आपल्या मुलखाचे केंद्र लावले की मात्र कढईत मिरच्या तडतडाव्यात तसा आवाज येई. तो धुळ्याला श्रवण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेला.

"काय ऐकू येत नाही?" साहेबांनी विचारले.

"काहीच ऐकू येत नही, साहेब."

"असं मोघम चालत नाही. हा नमुना घ्या. महिनाभर भरा. न ऐकलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, वेळ, नाव आणि निवेदक कोण होता ते."

घरी भिकुबाईने तो कागद उलटासुलटा पाहिला. "जे ऐकूच येत नही, त्यानं नाव तुम्हले कोन सांगी?" ती म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर होते, पण बरोबर म्हणण्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता.

अखेर अभिमनला जावई आठवला. यादव पिंप्राळ्याला राहायचा, एका संस्थेत कारकून होता. अक्षर छापल्यासारखे आणि सासऱ्याचा शब्द म्हणजे जीव की प्राण. पिंप्राळ्यात केंद्र खणखणीत लागे. यादव रोज रेडिओपुढे वही घेऊन बसू लागला आणि सासऱ्याने काय काय ऐकले नाही ते रोज कार्डावर कळवू लागला. महिन्याने नमुना भरला. साहेबांचे उत्तर आले :

"आपण सादर केलेला तपशील तंतोतंत खरा आढळला. इतक्या बारकाईने ऐकणारा श्रोता या विभागात दुसरा नाही. सबब उंबरखर्डे येथील श्रवण समाधानकारक असून आपणांस आदर्श श्रोता घोषित करण्यात येत आहे. घोषणा रविवारी प्रसारित झालेली आहे."

अभिमन पुन्हा धुळ्याला गेला. "साहेब, मी काही ऐकं नही. जवाई कार्डमा लिखस, तवय मले समजस."

"म्हणजे समजतं ना?" साहेबांनी फाईल मिटली. "प्रसारण करणं आमचं काम. ते घरात हवेतून आलं की टपालानं, हा तुमचा खाजगी प्रश्न."

तिथून पुढे अभिमनला कार्डांचाच आधार उरला. त्याने यादवला कळवले की पाण्याची सूचना आली तर तीही लिहावी.

चैत्रातल्या एका गुरुवारी ती आली. सकाळच्या बातम्यांनंतर आणि भक्तिगीतांच्या आधी : उद्या पहाटे धरणातून पाणी सोडण्यात येईल, पात्रातील लोकांनी सामान हलवावे. यादवने ती लाल शाईने लिहिली, खाली दोन रेघा ओढल्या आणि गल्लीतली पेटी सोडून थेट स्टेशनपर्यंत सायकल हाणली, टपाल लवकर निघावे म्हणून. नरडाण्याला, म्हणजे उंबरखर्ड्याच्या जवळच्या स्टेशनाला, जाणारी गाडी त्याच फलाटावर उभी होती. कार्ड पेटीत पडल्याची खात्री करून तो कचेरीत गेला.

शुक्रवारी उजाडता उजाडता पाणी आले. अभिमन आणि भिकुबाई कसेबसे काठावर चढले. परवा तोडायची म्हणून ठेवलेली टरबुजे त्यांच्या डोळ्यांदेखत डुलत चालली होती. "बठ्ठं गयं, काहीच नही ऱ्हायनं," भिकुबाई म्हणाली. अभिमनला रडू आवरेना. सोमवारी पोस्टमनने कार्ड आणून दिले.

भरपाईचा अर्ज फेटाळला गेला. सूचना वेळेवर प्रसारित झाली होती आणि अर्जदार हा प्रमाणित आदर्श श्रोता होता. एवढे ऐकूनही जो पात्रात थांबला, त्याच्या हट्टाला खाते जबाबदार नव्हते.

आता यादवला हसू नका. ती सूचना त्या सकाळी जळगावात, धुळ्यात, फैजपुरात घरोघर स्वच्छ ऐकू आली होती. तुमच्याही घरी चहा चालला होता, आणि भक्तिगीत लागेपर्यंत तुम्ही आवाज बारीक केला होता. यादवने निदान कार्ड टाकले.